विमान धडधाकट आहे, पण कंपनीच बंद पडली! मग त्या विमानाचं काय होतं?

नांदगावहून मालेगावला गेलात, तर यंत्रमागांची खडखड कानावर पडल्याशिवाय राहत नाही. यातले बरेच माग जुने, सेकंड-हँड घेतलेले. ते ज्यांनी बनवले, त्या कंपन्यांची नावं आज चालवणाऱ्यालाही सांगता येणार नाहीत. तरी माग चालतात. एखादं दातेरी चाक झिजलं, तर गल्लीतला लेथवाला जुनं चाक समोर ठेवून तसंच नवं पाडून देतो. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, जुनी जीप, सगळ्यांचं असंच. कंपनी गेली म्हणून आपल्याकडे मशीन कुणी टाकून देत नाही.

आता हाच प्रश्न दोन सीटच्या छोट्या विमानाबद्दल विचारा. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, रंगही चकाचक. फक्त ते बनवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. मग ते विमान उडवता येतं का? लेथवाल्याकडून पार्ट करून घेता येतो का? आणि नाही, तर का नाही?

आधी हे कळू द्या, हलकं विमान म्हणजे कोणतं?

अमेरिकेने २००४ मध्ये विमानांचा एक नवा गट तयार केला, लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट, थोडक्यात एलएसए. जास्तीत जास्त दोन सीट, एकच इंजिन आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं प्रवाशांसह वजन ६०० किलोपर्यंत. हौसेने उडणाऱ्यांना आणि नवशिक्यांना परवडावं, हा हेतू. जुलै २०२५ मध्ये तिथे नवे नियम जाहीर झाले आणि ही व्याख्या बरीच सैल झाली.

आपल्याकडे याच्या जवळचा गट म्हणजे मायक्रोलाइट. दोन सीट आणि वजन साधारण साडेचारशे किलोच्या आसपास. एनसीसीच्या हवाई विभागातल्या मुलांना पहिल्यांदा आकाश दाखवणारी विमानं या गटातली असतात.

ही विमानं स्वस्त पडण्याचं एक मोठं कारण कागदावर आहे. मोठ्या विमानाच्या डिझाइनला सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षं तपासून मान्यता देते, त्याला टाइप सर्टिफिकेट म्हणतात. अमेरिकेतल्या एलएसएला ते लागत नाही. उद्योगाने मिळून ठरवलेली मानकं असतात आणि 'आमचं विमान या मानकांत बसतं' असं कंपनी स्वतः लिहून देते. खर्च वाचतो, वेळ वाचतो. पण त्याबरोबर एक गोष्ट कंपनीच्या गळ्यात कायमची पडते. विमान विकल्यावरही त्याची जबाबदारी तिचीच राहते.

कंपनीवर एवढं काय अडतं?

कार घेतल्यावर तुम्ही शोरूमचं तोंड पुन्हा पाहिलं नाही तरी चालतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या कंपनीचे ब्रेक पॅड बसवले, तरी कुणी विचारत नाही.

अमेरिकेत एलएसए म्हणून विकल्या गेलेल्या विमानात असं करता येत नाही. दुरुस्ती कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायची. मॅन्युअलमध्ये नसलेला बदल करायचा, म्हणजे वेगळा रेडिओ, वेगळा प्रोपेलर, अगदी वेगळ्या प्रकारचं चाक, तर कंपनीची लेखी परवानगी लागते. शिवाय कुठे दोष सापडला, समजा दुसऱ्या देशातल्या त्याच मॉडेलच्या पंखाला तडा गेला, तर जगभरच्या मालकांना कळवण्याचं आणि उपाय सांगण्याचं कामही कंपनीचंच.

थोडक्यात, कंपनी तीन कामं करत असते. पार्ट देते, परवानगी देते आणि धोक्याची सूचना देते. कंपनी बंद पडली की लोकांना पहिल्या कामाची काळजी वाटते. खरी अडचण उरलेल्या दोन कामांची असते. पार्ट कुठून तरी मिळतो. 'हा पार्ट चालेल' अशी सही करणारा मिळत नाही.

पण विमान कंपन्या अशा बंद पडतात का?

पडतात, आणि नावाजलेल्याही पडतात.

जर्मनीच्या फ्लाइट डिझाइन कंपनीची सीटी मालिकेतली विमानं अमेरिकेत एकेकाळी या गटात सर्वाधिक विकली जाणाऱ्यांपैकी होती. २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी नवा मालक मिळाला. विमानं बनत होती युक्रेनमधल्या खेरसोन शहरात. २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला, खेरसोन ताब्यात घेतलं आणि कंपनीला काम चेक प्रजासत्ताकात हलवावं लागलं. एकाच विमानाच्या मालकाने सहा वर्षांत दिवाळखोरीही पाहिली आणि युद्धही.

पाण्यावर उतरणारं, पंख दुमडणारं आयकॉन ए-५ सोशल मीडियावर तुम्ही पाहिलं असेल. ती अमेरिकन कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली कोर्टात गेली आणि नंतर विकली गेली.

सेसनाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. या कंपनीने २००७ मध्ये स्कायकॅचर १६२ हे एलएसए जाहीर केलं आणि ते चीनमध्ये बनवून घेतलं. जेमतेम १९० च्या आसपास विमानं ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि काही वर्षांतच उत्पादन थांबलं. न विकलेली विमानं २०१६ मध्ये भंगारात काढली गेली. कंपनी जिवंत, पण मॉडेल मेलं.

आता त्याच सेसनाचं जुनं १५२ बघा. त्याचं उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यात थांबलं. तरी आजही जगभरच्या आणि आपल्या देशातल्याही फ्लाइंग क्लबमध्ये मुलं त्यावर शिकतात. कारण सरळ आहे. हजारोंनी बनलेलं विमान, पार्टचा मोठा बाजार, आणि त्याचं टाइप सर्टिफिकेट सांभाळणारी कंपनी अजून उभी आहे. म्हणजे विमानाचं वय किती यापेक्षा त्याच्या मागे कोण उभं आहे, हे जास्त महत्त्वाचं.

अनाथ विमान! हा शब्द खरंच वापरतात

ज्या विमानाच्या डिझाइनची जबाबदारी घेणारं कुणीच उरलं नाही, त्याला युरोपची विमान सुरक्षा संस्था 'अनाथ विमान' म्हणते. अशा विमानांसाठी ती संस्था स्वतः अटी ठरवते आणि मर्यादित स्वरूपाचं उड्डाण प्रमाणपत्र देता येतं.

अमेरिकेत वेगळी वाट आहे. एलएसएचा मालक आपलं विमान 'एक्सपेरिमेंटल' गटात नेऊ शकतो. मग कंपनीच्या परवानगीची अट सुटते. ठरावीक १६ तासांचा कोर्स केला, तर स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणीही तो स्वतः करू शकतो. बदल्यात किंमत मोजावी लागते. ते विमान पुढे भाड्याने देऊन कमाई करता येत नाही. हौशी मालकाला हा सौदा परवडतो, प्रशिक्षण संस्थेचं मात्र विमानच हातातून गेल्यासारखं होतं.

भारतात विमान उडण्यायोग्य आहे की नाही, हे डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. दुरुस्ती मान्यताप्राप्त संस्थेतच करायची आणि परवानाधारक अभियंत्यानेच सही करायची. त्या अभियंत्यापुढे मॅन्युअलची चालू आवृत्ती लागते आणि पार्टसोबत त्याचं प्रमाणपत्र लागतं. कागद नसलेला पार्ट कितीही चकचकीत असला, तरी त्याच्या दृष्टीने तो नुसता धातूचा तुकडा असतो.

हा निव्वळ बाबूगिरीचा भाग नाही. बोल्ट दिसायला सारखे असतात, पण आतला धातू, त्याला दिलेली उष्णता, त्यावरचा मुलामा वेगळा असू शकतो. ते डोळ्यांना दिसत नाही. मागाचं चाक तुटलं तर कापड थांबतं आणि लेथवाल्याकडे दुसरी चक्कर होते. पंखाचा बोल्ट दोन हजार फुटांवर तुटला, तर दुसरी चक्कर नसते.

ओझरने हा प्रश्न कसा सोडवला?

नाशिक जिल्ह्यालाच या प्रश्नाचा मोठा अनुभव आहे. हलक्या विमानाचा नाही, लढाऊ विमानाचा.

ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. ही विमानं सोव्हिएत संघाच्या परवान्याने बनत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. एका कारखान्याला कुलूप लागलं असं नाही, तर अख्खा देश नकाशावरून गेला. सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले गेले आणि पुरवठ्याची घडी विस्कटली.

तरी मिग-२१ पुढे तीस वर्षांहून जास्त काळ उडालं. सव्वाशे विमानांचं 'बायसन' हे सुधारित रूप याच काळात तयार झालं. शेवटी २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये या विमानाला निरोप देण्यात आला.

हे जमलं कसं? ओझरकडे नकाशे होते, साचे होते, परवाना होता, ते विमान हाताने जोडलेले कामगार होते. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही ओझरलाच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'हा बदल सुरक्षित आहे' असं सांगण्याचा अधिकार असलेली यंत्रणा देशात होती. एवढं सगळं असूनही मिगच्या अपघातांनी आणि वैमानिकांच्या मृत्यूंनी देशाला अनेकदा हादरवलं. जुनं विमान चालवत ठेवणं सरकारी ताकदीलाही सोपं गेलं नाही.

हलक्या विमानाच्या मालकाकडे यातलं काय असतं? एक मॅन्युअल आणि एक लॉगबुक.

आपल्या देशात बनलेली हलकी विमानं तरी?

एचएएलचं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. कापडाने मढवलेले पंख, दोन सीट, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबमध्ये कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. पण उत्पादन कधीच थांबलं आणि पुष्पक हळूहळू आठवणीत गेलं.

बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं, म्हणजे एनएएलचं हंसा १९९३ मध्ये उडालं. हंसा-३ ला २००० मध्ये डीजीसीएचं प्रमाणपत्र मिळालं. मात्र विमानं बनली फार थोडी. जितकी विमानं कमी, तितका सुट्या भागांचा बाजार लहान, हे गणित इथेही लागू पडतं. आता हंसा-एनजी हे नवं रूप आलं आहे. ते सप्टेंबर २०२१ मध्ये उडालं आणि त्याचं उत्पादन खासगी उद्योगाकडे देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. हे विमान किती विकलं जाईल याइतकाच, वीस वर्षांनी त्याचे पार्ट कोण देईल हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

परदेशी विमानांपैकी एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू-८०. भारताने २०१५ मध्ये अशी १९४ विमानं घेण्याचा करार केला. त्यातली ११० एनसीसीसाठी, ७२ हवाई दलासाठी आणि १२ नौदलासाठी. २०२२ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या टेक्स्ट्रॉनने विकत घेतली. सेसनाही याच टेक्स्ट्रॉनची. मोठा मालक आला की पाठबळ वाढू शकतं. पण कुठलं मॉडेल चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं, हा निर्णयही मग त्या मोठ्या मालकाच्या हातात जातो. १६२ चं काय झालं, ते आपण वर पाहिलंच.

इंजिन वाचवतं!

या सगळ्यात एक दिलासा आहे. हलक्या विमानांच्या कंपन्या शेकडो असल्या, तरी त्यातल्या बहुतेक विमानांत इंजिन एकाच घराण्याचं असतं, ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२. व्हायरसमध्ये तेच, हंसा-एनजीमध्ये त्याचाच नवा अवतार. त्यामुळे विमानाची कंपनी गेली तरी इंजिनाचे पार्ट, मॅन्युअल आणि सूचना मिळत राहतात.

पण रोटॅक्सचे स्वतःचे नियम कडक आहेत. आजच्या ९१२ ला २००० तास किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा पूर्ण ओव्हरहॉल. रबरी नळ्या आणि तत्सम भाग दर पाच वर्षांनी बदलायचे, विमान एक तासही उडालं नसलं तरी. 'फक्त दोनशे तास उडालेलं, दहा वर्षं शेडमध्ये जपलेलं' अशी जाहिरात वाचून लोक भुलतात. खरं तर उभ्या विमानात रबर कडक होतं आणि धातूला गंज लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत तर जास्तच.

आणि मनमाडच्या पेट्रोलचा इथे संबंध काय?

नांदगाव तालुक्यातल्या मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर तिथून टँकर जातात. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. रोटॅक्स ९१२ साठी कंपनीने १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलं आहे.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि रबर, सील, कार्ब्युरेटरमधले भाग यांच्यावर परिणाम करू शकतं. अशा वेळी विमान बनवणारी कंपनी जिवंत असेल तर ती टाकी आणि नळ्या तपासून सांगू शकते, की हे इंधन आमच्या विमानाला चालेल किंवा चालणार नाही. कंपनी नसेल तर उत्तर देणार कोण? इंजिनवाला इंजिनापुरतं बोलतो. टाकी कशाची आहे, तिला आतून कुठला लेप आहे, हे त्याला माहीत नसतं.

दुसरा पर्याय म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस. पूर्वी ते बाहेरून आणावं लागायचं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं अ‍ॅव्हगॅस १००एलएल बाजारात आणलं. पण त्यात शिसं असतं. ते सतत वापरलं तर रोटॅक्समध्ये शिशाचा थर साचतो आणि इंजिन ऑइल लवकर बदलावं लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे पाहण्याची एक साधी पद्धत वैमानिक वापरतात. मापाच्या काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, रेषेची खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याची रेषा वर सरकलेली दिसते. जितकी वर, तितकं इथेनॉल जास्त.

मग मालकाने किंवा क्लबने करायचं काय?

कंपनी डळमळीत दिसायला लागली, की हातावर हात ठेवून बसणं सगळ्यात महाग पडतं. जाणकार मालक साधारण ही कामं आधीच उरकून ठेवतात.

• पार्टचे तीन ढीग करा. पहिला, बाजारात प्रमाणपत्रासह मिळणारे बोल्ट, बेअरिंग, टायर. दुसरा, इतर कंपन्यांचे भाग, म्हणजे इंजिन, प्रोपेलर, रेडिओ, पॅराशूट. तिसरा, फक्त त्या विमान कंपनीकडेच मिळणारे, म्हणजे काचेचं छत, चाकांचे पाय, शेपटीचे आणि पंखांचे हलणारे भाग. विमानाचं आयुष्य तिसरा ढीग ठरवतो.

• मॅन्युअल, पार्टची यादी आणि आजवरच्या सगळ्या सूचना उतरवून ठेवा. कंपनीबरोबर तिची वेबसाइटही जाते.

• अडलेल्या परवानग्या आत्ताच लेखी घ्या. वेगळा रेडिओ बसवायचा विचार असेल, तर कंपनीत फोन उचलणारा माणूस आहे तोवर विचारा.

• तिसऱ्या ढिगातले भाग साठवा, पण डोळसपणे. धातूचा भाग टिकतो. रबर, चिकटवण्याची रसायनं आणि पॅराशूटचं रॉकेट यांना मुदत असते.

• त्याच मॉडेलच्या इतर मालकांशी संपर्क ठेवा. धोक्याची सूचना देणारं कुणी उरलं नाही, तर एकाच्या विमानाला गेलेला तडा दुसऱ्याला याच वाटेने कळतो.

• आणि थांबायचं कुठे, हे आधी ठरवा. तिसऱ्या ढिगातला जिवावर बेतेल असा भाग खराब झाला आणि त्यावर सही करणारं कुणी नसेल, तर ते विमान उडवायचं नाही. त्याचे चांगले भाग दुसऱ्या विमानाला कामी येतात.

शेवटचं काम सगळ्यात अवघड. लाखो रुपये घातलेलं, बाहेरून नवं दिसणारं विमान शेडमध्ये उभं ठेवायला मन धजत नाही. 'एकदाच लेथवर करून घेऊ, कुणाला कळतंय' हा विचार तिथेच डोकं वर काढतो. आपल्याकडे जुगाड हा कौतुकाचा शब्द आहे आणि जमिनीवर तो पोटाला घालतो. विमानात मात्र शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला त्या जुगाडाची कल्पनाही नसते.

म्हणून पुढच्या वेळी 'एसयूव्हीच्या किमतीत स्वतःचं विमान' असा रील समोर आला, तर मायलेजच्या आधी तीन प्रश्न विचारा. हे बनवणारी कंपनी आज चालू आहे का? अशी विमानं जगात किती आहेत? आणि उद्या काही बदलावं लागलं, तर त्या कागदावर सही कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी ते विमान महागच पडेल.